'टु' कुठे आणि 'दॅट' कुठे? इंग्रजी क्रियापदांच्या मागून काय येतं, याबद्दल

आयर्विनखालचा, सांगली

बेदाणा आणि हळदीच्या पेढ्यांची इंग्रजी पत्रं आणि मेल तपासून द्यायचं काम मी करतो. लिहिणारी पोरं हुशार असतात. शब्द भरपूर येतात, स्पेलिंग तर आता मोबाईलच सुधारून देतो. तरी एक जागा अशी आहे, जिथे एम.कॉम. झालेला आणि बारावी करून थेट पेढीवर बसलेला, दोघंही सारखेच घसरतात. नमुने बघा:

'वी वॉन्ट दॅट यू सेंड द बॅलन्स अमाउंट.'
'अवर पार्टनर सजेस्टेड मी टु वेट.'
'यू टोल्ड दॅट द कंटेनर हॅज रीच्ड.'
'प्लीज एक्स्प्लेन मी द रीझन.'

सगळे शब्द रोजच्या वापरातले. बिघडलंय ते क्रियापदाच्या मागून काय यावं ते. क्लासमध्ये हे असं शिकवतात: वॉन्टला टु, सजेस्टला दॅट, टेलला माणूस हवाच, करा पाठ. पाठ होतंही. पण मेल लिहायला बसलं की डोक्यात आधी मराठी वाक्य उभं राहतं आणि पाठांतर बाजूला पडतं. म्हणून मी उलटीकडून बघायला लागलो, की या जागी मराठी काय करते?

'मला यायचंय.' येणारा मी, इच्छाही माझीच, त्यामुळे 'यायचंय' एवढ्यावर भागतं. आता येणारा तू आणि इच्छा माझी असेल तर? 'तू यावंस असं मला वाटतं', 'माझी इच्छा आहे की तू यावंस'. कर्ते दोन झाले की आपण दोन वाक्यं करतो आणि 'असं' किंवा 'की' घालून ती जोडतो. इंग्रजीतला 'वॉन्ट' हे करत नाही. 'आय वॉन्ट टु कम' आणि 'आय वॉन्ट यू टु कम'. नवा कर्ता आला तर त्याला 'टु'च्या आधी नुसता उभा केला, वाक्य एकच राहिलं. आपल्या डोक्यात मात्र 'की' वाजत असतो, आणि त्याच्या जागी 'दॅट' येऊन बसतो.

गंमत अशी की 'होप' आणि 'डिसाइड' अगदी आपल्या चालीचे आहेत. 'आय होप टु कम', पण 'आय होप दॅट यू विल कम'. कर्ता तोच तर 'टु', बदलला तर 'दॅट'. म्हणून 'होप' लिहिताना सहसा कुणी चुकत नाही. चुकलंच तर 'वॉन्ट' शिकवून झाल्यावर चुकतं: 'आय होप यू टु कम'.

'टेल'चंही तसंच. 'मी त्याला यायला सांगितलं', 'आय टोल्ड हिम टु कम'. शब्दाला शब्द जुळतो. मग त्याच भरात 'त्याने मला थांबायला सुचवलं' याचं 'ही सजेस्टेड मी टु वेट' होतं आणि तिथे गाडी फसते. 'सजेस्ट' मध्ये माणूस घेतच नाही. 'ही सजेस्टेड दॅट वी वेट' किंवा 'ही सजेस्टेड वेटिंग', दोन्ही चालतात.

मला वाटतं नियमांच्या यादीपेक्षा हे बघणं जास्त कामाचं आहे: कुठल्या क्रियापदाशी मराठीची चाल जुळते आणि कुठल्याशी जुळत नाही. जुळतं ते शिकवायचं कारणच नाही, न जुळणारी थोडी आहेत, तेवढी घोटायची. तुमच्याकडे कुठली क्रियापदं छळतात?

पुण्यात_सातारकर

'सजेस्ट मी अ गुड डॉक्टर'! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसाआड येतं. 'कॅन यू सजेस्ट अ गुड डॉक्टर' एवढंच हवं, 'मी' काढून टाकला की झालं. पण मला वाटतं ही लढाई आपण हरलोय.

जतचा_मास्तर

चांगला विषय काढलात. यात शाळेचाही हात आहे, तो सांगतो.

परीक्षेत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' असतं. साधं वाक्य द्यायचं, मिश्र करून मागायचं. 'ही होप्स टु पास' दिलं की पोरगं 'ही होप्स दॅट ही विल पास' करतं, पूर्ण मार्क. 'ही सीम्स टु बी टायर्ड' याचं 'इट सीम्स दॅट ही इज टायर्ड', परत मार्क. वर्षभर हेच केल्यावर पोराची पक्की समजूत होते की टु आणि दॅट ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, पाहिजे तेव्हा अदलाबदल करायची. मग त्याने 'शी वॉन्ट्स टु गो' याचं 'शी वॉन्ट्स दॅट शी विल गो' केलं तर त्याचं काय चुकलं? त्याने आपण शिकवलं तेच केलं.

पुस्तकात जी क्रियापदं बदलता येतात तेवढीच उदाहरणाला घेतलेली असतात. न बदलणारी दाखवतच नाहीत. मी आता फळ्यावर मुद्दाम तीन रकाने करतो: दोन्ही चालणारी, नुसता टु चालणारी, नुसता दॅट चालणारी. 'होप, डिसाइड, प्रॉमिस, एक्स्पेक्ट, अ‍ॅग्री, प्रिटेंड' दोन्हीकडे. 'वॉन्ट, रिफ्यूज, ट्राय, मॅनेज' नुसते टु. 'सजेस्ट, से, थिंक, नो, एक्स्प्लेन' दॅटवाले.

२००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, आमच्या वेळी पाचवीला यायचं. तरी हा तक्ता दहावीपर्यंत कुणी दाखवत नाही.

निवृत्त_विश्रामबाग

मास्तर, तुमचे रकाने बघून हॉर्नबीची आठवण झाली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. परभाषकाला नेमकं काय अडतं हे तिथल्या वर्गात बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आज ज्याला आपण अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स म्हणतो तो हाच. त्याची खरी करामत अर्थ देण्यात नव्हती. त्यांनी इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस साचे (व्हर्ब पॅटर्न, म्हणजे 'व्हीपी') ठरवले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्यांचे आकडे छापले. आमच्या हातात जी आवृत्ती होती तिच्यात 'व्हीपी ९' म्हणजे मागून दॅट येणारं, 'व्हीपी १७' म्हणजे माणूस आणि मग टु. 'वॉन्ट'पुढे १७ असायचा, ९ नसायचा. की विषय संपला.

पोरं आकड्यांना कंटाळायची हे खरं. पुढच्या आवृत्त्यांत आधी अक्षरं आली आणि नंतर सरळ वाक्याचा सांगाडाच छापू लागले, 'वॉन्ट समबडी टु डू समथिंग' असा. आता तर फोनवर फुकट दिसतं. पण शब्दकोश उघडणारा अर्थ वाचून बंद करतो, सांगाड्याची ओळ कुणी वाचत नाही.

आणखी एक निरीक्षण. मराठीत पोटवाक्य दोन्हीकडे बसतं: 'तू यावंस असं वाटतं' मध्ये आधी, 'वाटतं की तू यावंस' मध्ये नंतर. इंग्रजी लिहिताना मुलं नेमकी 'की'ची रचना मनात घेतात, कारण तिचा क्रम इंग्रजीच्या जवळचा आहे. तिथेच ती फसतात.

तालमीतला

एवढं किस काढायची काय गरज आहे राव? 'वी वॉन्ट दॅट यू सेंड' म्हटलं तरी समोरच्याला कळतंय, तो पैसे पाठवतोय, विषय कट. दुबईचा गिऱ्हाईक तरी कुठं पंडित आहे? त्याचं पण तसलंच असतंय.

आयर्विनखालचा

तालमीतले दादा, 'वॉन्ट दॅट' पुरतं तुमचं बरोबर आहे. ते कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. असं प्रत्येक वेळी असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

आता हे बघा. एका पेढीला ग्राहकाकडून मेल आला होता: 'वी अ‍ॅग्री दॅट द रेट इज हाय.' आमच्या पोराने मालकाला सांगितलं की पार्टी जादा दराला तयार आहे. अहो, ते फक्त 'दर जास्त आहे हे आम्हालाही मान्य' असं म्हणत होते! तयार असते तर 'वी अ‍ॅग्री टु पे द हायर रेट' लिहिलं असतं. 'अ‍ॅग्री दॅट' म्हणजे मताला मान डोलावली. 'अ‍ॅग्री टु' म्हणजे काम करायचं कबूल केलं. सौद्यात यातला फरक पैशाचा असतो.

दुसरं 'एक्स्पेक्ट'. 'आय एक्स्पेक्ट दॅट यू विल पे बाय फ्रायडे' म्हणजे तुम्ही शुक्रवारपर्यंत द्याल असा माझा अंदाज. 'आय एक्स्पेक्ट यू टु पे बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत दिलेच पाहिजेत. जुन्या चांगल्या गिऱ्हाइकाला दुसरं पाठवलं तर तो दुखावतो, आणि उधारी थकवणाऱ्याला पहिलं पाठवलं तर तो आणखी निवांत होतो.

आणि खास तुमच्यासाठी तालमीतलं. जत्रेच्या मैदानात दोन पैलवान उतरलेत. 'ही इज शुअर टु विन' आणि 'ही इज शुअर दॅट ही विल विन'. पहिल्यात खात्री बघणाऱ्याची आहे: हा गडी नक्की मारणार. दुसऱ्यात खात्री त्या पैलवानाची आहे, बघणाऱ्याला काय वाटतं ते सांगितलेलंच नाही. दुसरं वाक्य बोलून पुढे 'पण समोरचा भारी आहे' म्हणता येतं. पहिलं बोलून म्हणता येत नाही.

तालमीतला

हे शुअरचं भारी आहे. घेतलं. वॉन्टचं मात्र पटलेलं नाही, ते तसंच लिहिणार.

मिरज_नाइट_ड्यूटी

मी स्टाफ नर्स, ओईटीची तयारी चाललीय. माहीत नसेल त्यांच्यासाठी: दवाखान्यात काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, बाहेरच्या देशात नोकरीसाठी लागते. त्यात पंचेचाळीस मिनिटांत पेशंटचं पत्र लिहायचं असतं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. हा धागा वाचला आणि माझ्या वहीतल्या सगळ्या लाल खुणा एकाच जातीच्या आहेत हे कळलं.

'द डॉक्टर सजेस्टेड द पेशंट टु डू एक्स-रे.' इथे लाल. आता 'अ‍ॅडव्हाइज्ड' वापरते, 'अ‍ॅडव्हाइज्ड द पेशंट टु गेट अ‍ॅन एक्स-रे', ते मराठीसारखंच जातं. सजेस्टचा नादच सोडला.

पण 'अफ्रेड'चं मला अजून नीट उलगडलेलं नाही. नातेवाइकाला वाईट बातमी द्यायची तेव्हा सराव घेणाऱ्या मॅडम म्हणतात 'आय अ‍ॅम अफ्रेड दॅट...' म्हणायचं. मी 'आय अ‍ॅम अफ्रेड टु टेल यू' म्हटलं तर त्यांनी थांबवलं. दोन्हीत भीतीच आहे ना?

निवृत्त_विश्रामबाग

ताई, पहिल्यात भीती उरलेलीच नाही. 'आय अ‍ॅम अफ्रेड दॅट विझिटिंग अवर्स आर ओव्हर' म्हणजे 'माफ करा, भेटायची वेळ संपली'. नको असलेली गोष्ट मऊपणे सांगायची ती रीत आहे. बोलताना तो दॅटसुद्धा गाळतात. 'अफ्रेड टु टेल' मध्ये मात्र खरी भीती आहे, सांगायला जीभ धजत नाही अशी. नर्सने असं म्हटलं तर नातेवाइकाच्या पोटात गोळाच येईल.

तुमच्या कामाची आणखी जोडी देतो. 'रिमेंबर' आणि 'फर्गेट'. 'आय फर्गॉट टु गिव्ह द इंजेक्शन' म्हणजे इंजेक्शन दिलंच नाही, विसरले. 'आय फर्गॉट दॅट आय हॅड गिव्हन द इंजेक्शन' म्हणजे दिलं होतं, पण दिल्याचं डोक्यात राहिलं नाही. दुसऱ्यात पेशंटला डबल डोस जाण्याची भीती. ड्यूटी बदलताना यातलं कुठलं बोलताय ते नीट बघा.

मिरज_नाइट_ड्यूटी

बाप रे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते सर.

अजिंक्यताऱ्याहून

सातारा, बँकेत नोकरी. आमच्याकडे उलटा प्रकार. सगळी पत्रं ठरलेल्या साच्यात: 'धिस इज टु इन्फॉर्म यू दॅट', 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टु स्टेट दॅट', 'वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट', 'आय वुड लाइक टु ब्रिंग टु युअर नोटिस दॅट'. मराठी पत्रात 'आपणांस कळविण्यात येते की', तेच. यात टु पण आहे आणि दॅट पण. मग धाग्यात 'टु की दॅट' असा सवाल का करताय? मला तर दोन्ही सोबतच भेटतात.

आयर्विनखालचा

हे विचारलंत ते बरं केलंत. माझ्या मते गोंधळाचं निम्मं मूळ इथे आहे.

'वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट युअर लोन इज रिजेक्टेड' हे सावकाश सोडवून बघा. क्रियापदं दोन आहेत. 'रिग्रेट' ने आपला टु आणला. त्या टु मागे 'इन्फॉर्म' बसलं, आणि त्याने आपला माणूस आणि आपला दॅट आणला. दॅटचा रिग्रेटशी काही संबंध नाही, तो इन्फॉर्मचा आहे. 'आय अ‍ॅम हॅपी टु से दॅट' मध्ये दॅट 'से'चा. 'शी सीम्स टु थिंक दॅट' मध्ये 'थिंक'चा. साखळी कितीही लांबली तरी मोजायचं असं: प्रत्येक क्रियापदाच्या लगेच मागे जे येतं तेवढंच त्याचं.

आता 'आय वॉन्ट टु टेल यू दॅट' घ्या. दिवसभर कानावर पडणारं वाक्य. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय राहतं? सुरुवातीला 'आय वॉन्ट', शेवटी 'दॅट', मधलं वितळून जातं. पुढच्या वेळी 'आय वॉन्ट दॅट' बाहेर पडतं. म्हणून बँकेची ही ठरलेली वाक्यं पाठ असणाऱ्यांनाही स्वतःचं वाक्य करताना अडतं.

एक सूचना, पटली तर घ्या. 'इन्फॉर्म'ला माणूस लागतोच. 'वी हॅव इन्फॉर्म्ड दॅट द अकाउंट इज क्लोज्ड' असं बँकेच्या पत्रांत सर्रास दिसतं, कुणाला कळवलं ते गायब. मराठीत 'कळवलंय की' चालतं, तिकडे चालत नाही.

अजिंक्यताऱ्याहून

हो, आहे तसं. उद्याच एक असं पत्र जाणार होतं, थांबवतो.

पुण्यात_सातारकर

कुणाला कळवलं ते गाळायची सवय 'टेल' मध्ये पण. 'ही टोल्ड दॅट ही इज बिझी.' आणि 'से' मध्ये उलट: 'ही सेड मी दॅट'. एकाला माणूस हवाच, दुसऱ्याला थेट चालत नाही, 'सेड टु मी' म्हणावं लागतं. आमच्या ऑफिसात दोन्हींची पक्की अदलाबदल झालीय, जणू कुणी ठरवून केली.

जतचा_मास्तर

'से'वरून आणखी एक, मूळ विषयाला जरा सोडून. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचेच शब्द ठेवतो: 'तो म्हणाला, मी उद्या पैसे देतो.' मराठीत यात काही वावगं नाही, 'मी' म्हणजे तो हे सगळ्यांना कळतं. पोरं ते उचलून लिहितात, 'ही सेड दॅट आय विल गिव्ह द मनी टुमॉरो.' घ्या, आता पैसे द्यायचे लिहिणाऱ्याच्याच गळ्यात पडले! पाहिजे होतं 'ही सेड दॅट ही वुड गिव्ह द मनी द नेक्स्ट डे.'

आणि आमच्या जतकडचा खास प्रकार सांगतो. अर्धा तालुका कानडी बोलतो. कानडीत ऐकीव गोष्टीला शेवटी 'अंते' लागतो, 'बर्तानंते' म्हणजे तो येतोय म्हणे. मराठीत 'म्हणे' आहेच. त्यामुळे दोन्हीकडची पोरं इंग्रजीत शेवटी 'इट सीम्स' लावतात: 'ही इज कमिंग इट सीम्स.' साहेबाच्या इंग्रजीत 'इट सीम्स दॅट ही इज कमिंग' म्हणजे माझ्या डोळ्यासमोरच्या खुणांवरून मला वाटतंय. ऐकीव असं त्यात मुख्य नाही. ऐकीव म्हणायचं असेल तर 'अ‍ॅपरंटली' किंवा 'आय हर्ड दॅट'. पण खरं सांगू? हा 'इट सीम्स' मी कापत नाही. बोलण्यात राहू देतो, फक्त अर्जात नको म्हणतो.

निवृत्त_विश्रामबाग

अर्जातच कशाला, बोलण्यातसुद्धा नको मास्तर. एकदा सूट दिली की ती लिखाणात शिरते.

जतचा_मास्तर

सर, तुम्ही विश्रामबागेत बसून म्हणताय. आमच्याकडे पोरगं इंग्रजीत तोंड उघडतंय हेच मोठं आहे. त्यात 'म्हणे' कापत बसलो तर ते परत बंद होईल.

निवृत्त_विश्रामबाग

वर्गातली अडचण समजते. मत बदललेलं नाही.

मिरज_नाइट_ड्यूटी

मला एक शंका. 'सजेस्ट दॅट'च्या पुढे क्रियापद कसं ठेवायचं? 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट द पेशंट रेस्ट्स' की 'रेस्ट' की 'शुड रेस्ट'? पुस्तकागणिक वेगळं दिसतं.

आयर्विनखालचा

तिन्ही दिसतात. 'दॅट ही रेस्ट', म्हणजे एस न लावता, हे अमेरिकेत जास्त आणि औपचारिक लिखाणात सगळीकडे. 'दॅट ही शुड रेस्ट' ब्रिटिश वळणाचं. 'दॅट ही रेस्ट्स' ब्रिटिश बोलण्यात ऐकू येतं, परीक्षेत टाळा. 'रेकमेंड', 'इन्सिस्ट', 'डिमांड' यांचंही असंच. तुम्ही 'शुड' धरून चाला, कुठेच अडणार नाही. आपल्या 'त्याने विश्रांती घ्यावी' मधल्या 'वी'शी तो चांगला जुळतो, त्यामुळे लक्षातही राहतो.

फक्त खबरदारी एवढी की, मुद्दा आज्ञेचा किंवा सल्ल्याचा असेल तेव्हाच हे. 'द एक्स-रे सजेस्ट्स दॅट ही हॅज न्यूमोनिया' मध्ये सजेस्ट म्हणजे 'सूचित करतो', तिथे 'शुड' घातलात तर अनर्थ.

मिरज_नाइट_ड्यूटी

एक्स-रेने न्यूमोनियाचा सल्ला दिला! वॉर्डात सांगते हे.

अजून एक विचारून घेते. 'पेशंट नाही म्हणाला' याला काय? मी 'डिनाइड टु टेक द टॅब्लेट' लिहिलं होतं, तिथेही लाल.

निवृत्त_विश्रामबाग

आपलं 'नाही म्हणाला' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत दोन खाती आहेत. करायला नकार दिला तर 'रिफ्यूज्ड टु टेक द टॅब्लेट', इथे टु. एखादी गोष्ट खरी नाही असं सांगितलं तर 'डिनाइड दॅट ही हॅड टेकन द टॅब्लेट', इथे दॅट. 'डिनाइड टु' असं काही नसतं आणि 'रिफ्यूज्ड दॅट' असंही नाही. केसपेपरवर 'पेशंट डिनाइज चेस्ट पेन' लिहितात ना? म्हणजे विचारल्यावर छातीत दुखत नाही असं सांगतो. दुखायला नकार देत नाही.

अजिंक्यताऱ्याहून

सर, 'प्रॉमिस'चं राहिलं. कर्जदार म्हणतो पुढच्या महिन्यात हप्ता भरतो. 'ही प्रॉमिस्ड मी टु पे' लिहू का?

निवृत्त_विश्रामबाग

व्याकरणात सापडतं, पण ऐकणाऱ्याला क्षणभर अडखळवतं. कारण 'ही टोल्ड मी टु पे', 'ही आस्क्ड मी टु पे' मध्ये भरणारा मी असतो. त्याच जागी प्रॉमिस ठेवलं की भरणारा तो होतो. माणूस लिहायचाच असेल तर दॅट घ्या: 'ही प्रॉमिस्ड मी दॅट ही वुड पे'. नाहीतर माणूस गाळून 'ही प्रॉमिस्ड टु पे'. हप्ता कुणी भरायचा यावरून तरी वाद नको.

तालमीतला

सगळं वाचलं. परवा एक बाहेरचा पाहुणा आलावता गावाकडं, जत्रेला. आईने मला सांगितलं, जेवल्याशिवाय जाऊ नको म्हण त्याला. मी म्हटलं, 'वी इन्सिस्ट यू टु ईट.' हे पण लाल का?

आयर्विनखालचा

लाल. 'इन्सिस्ट'सुद्धा सजेस्टच्याच जातीचा, थेट माणूस घेत नाही. 'वी इन्सिस्ट दॅट यू ईट' किंवा 'वी इन्सिस्ट ऑन युअर ईटिंग'. पण दोन्ही ताटापुढे म्हणायला कोरडी वाटतात. 'यू मस्ट ईट बिफोर यू गो' म्हणायचं, मोकळं होतं. पाहुणा जेवला का?

तालमीतला

दोनदा वाढून घेतलं.